फ्रीज दहावर, बिअर पंधरावर

लागर बिअर बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्या चार दिवसांत. पुढे सहा आठवडे ती कितीही निगुतीनं थंड ठेवली, तरी त्या चार दिवसांत यीस्टनं करून ठेवलेलं बरंचसं पुसता येत नाही. म्हणून घरी लागर करणाऱ्यानं आधी तापमानावर हात बसवावा, माल्ट आणि हॉप्सच्या चर्चा नंतर कराव्यात, असं माझं पक्कं मत आहे.

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीजवळ राहतो. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लॅट्झ, मिलर अशा जर्मन मंडळींनी लागरवर मोठं केलेलं हे शहर. माझं सगळं काम गॅरेजच्या कोपऱ्यात चालतं. तिथे एक जुना उभा फ्रीज आहे आणि एक आडवा डीप फ्रीजर. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरच्या बिअरला वाट मोकळी झाली. एकट्या सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त सज्ञान माणसं असलेल्या घराला २०० गॅलन, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी हे माहिती म्हणून वाचावं. जिथे मुभा आहे तिथल्या मराठी मंडळींनी जरूर करून बघावं. पुढचे सगळे अंश सेल्सिअसचे आहेत.

१. मोजायची ती बिअर, हवा नव्हे

शिकागोला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं पहिली लागर केली, तेव्हा तिला पिकल्या केळ्याचा वास येत होता.

"मामा, फ्रीज तर अख्खा आठवडा दहावरच होता की."

"प्रोब कुठे लावला होतास?"

"फ्रीजमध्येच. वरच्या जाळीला टांगला होता."

त्याच्या कंट्रोलरनं, म्हणजे प्रोबच्या मापावर फ्रीज चालू-बंद करणाऱ्या यंत्रानं, खोटं काहीच सांगितलं नव्हतं. फ्रीजमधली हवा खरोखरच १० अंशांवर होती. यीस्ट हवेत राहत नाही, एवढंच.

यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते. ती किती, याचा हिशोब एकदा प्रत्येकानं करून बघावा. २० लिटर वॉर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते), सुरुवातीची घनता १.०४८, म्हणजे त्यात अडीच किलोच्या आसपास विरघळलेला अर्क. त्यातला साधारण १.६ किलो यीस्ट फस्त करतं. किलोमागे ६०० किलोज्यूलच्या जवळपास उष्णता धरली, तर सगळी मिळून साडेनऊशे किलोज्यूल. ही उष्णता भांड्याबाहेर जाऊच दिली नाही, तर बिअर दहा-अकरा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात ती काही दिवसांत थोडीथोडी निघते आणि फ्रीज ती ओढून घेत राहतो. तरीही आंबण्याचा जोर असतो तेव्हा भांड्याच्या पोटातलं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा तीन ते पाच अंशांनी सहज वर असतं. फ्रीज दहावर, बिअर पंधरावर. आणि हा जोर नेमका त्या पहिल्या दिवसांतला, यीस्ट वाढत असतानाचा, जेव्हा फळांसारखे वास देणारी एस्टर आणि जड अल्कोहोलं तयार होतात.

विरजण लावताना आपण दुधात बोट बुडवून बघतो, स्वयंपाकघराची हवा किती गरम आहे ते बघत नाही. इथेही तसंच.

प्रोब भांड्याच्या बाहेरच्या अंगाला, बिअरच्या पातळीच्या साधारण मध्यावर लावावा. आधी ती जागा फडक्यानं कोरडी करून घ्यावी, कारण दव असलं की टेप धरत नाही. प्रोबचं धातूचं टोक आडवं करून भांड्याला पुरतं टेकवावं आणि एका पट्टीनं जागच्या जागी दाबून बसवावं. त्यावर तळहाताएवढा जाड फोम, किंवा बबल रॅपच्या चार-पाच घड्या. मग चारही कडांनी टेप. फोमखाली बोट सरकवून बघावं. बोट आत गेलं तर हवाही जाते, म्हणजे परत चिकटवावं. फोम नसेल तर प्रोब धड हवा मोजत नाही, धड बिअर मोजत नाही, आणि कंट्रोलरवरचा आकडा कशाचाच राहत नाही. ज्यांना खर्च झेपतो त्यांनी झाकणातून आत जाणारी, तळाशी बंद असलेली स्टीलची नळी घ्यावी आणि प्रोब तिच्यात सोडावा. स्वच्छ आणि बिनघोर काम. पण फोमखालचा प्रोबही बहुतेकांना पुरतो, हे मी अनुभवावरून सांगतो.

२. फ्रीजच्या स्वतःच्या बटणावर विसंबू नये

घरातला फ्रीज दूध आणि भाजी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. त्याची धाव साधारण १ ते ७ अंश. बटणावरचे १ ते ५ आकडे अंश नसतातच. लागरला आधी ८ ते १२, मग १६ ते १८, आणि शेवटी ० ते १ अंश लागतात. एवढी मजल त्या बटणाची नाही.

म्हणून बाहेरून लावायचा कंट्रोलर घ्यायचा. त्याचा प्लग भिंतीत, फ्रीजचा प्लग त्याच्या 'कूलिंग' सॉकेटमध्ये, हीटरचा 'हीटिंग' सॉकेटमध्ये. फ्रीजचं बटण सगळ्यात थंडवर करून ठेवायचं आणि कारभार कंट्रोलरच्या हाती द्यायचा. फ्रीजच्या आतल्या तारांना हात लावायची गरज पडत नाही. प्रोबची वायर दाराच्या रबरावरून आत घ्यावी. ती बारीक असते, रबर तिच्याभोवती बसतं. फ्रीजरच्या भिंतीला भोक मात्र कधीही पाडू नये. आडव्या फ्रीजरच्या भिंतींतूनच गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा पेट घेणारा गॅस असतो.

३. कॉम्प्रेसरला दम खाऊ द्यावा

कॉम्प्रेसर थांबला की एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी, अशी स्थिती काही मिनिटं राहते. बारीक नळीतून तो दाब हळूहळू सारखा होतो. त्याआधीच कॉम्प्रेसर पुन्हा चालू झाला, तर त्याला दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. तो मोठा करंट खेचतो, गुरगुरतो आणि बंद पडतो. हे वारंवार झालं की मोटर जळते. म्हणून बहुतेक कंट्रोलरमध्ये 'कॉम्प्रेसर डिले' असतो. मी तो पाच मिनिटांखाली नेत नाही. वादळी हवेत इथली वीज जाते-येते, तेव्हाही या पाच मिनिटांनीच जुना फ्रीज जगवला आहे.

दुसरी सेटिंग फरकाची. १० वर लावलं आणि फरक अर्धा अंश ठेवला, तर १०.५ ला फ्रीज सुरू होतो आणि १० ला थांबतो. प्रोब हवेत टांगलेला असेल तर एवढ्या फरकानं फ्रीज सारखा चालू-बंद होतो, कारण हवा पटकन तापते आणि पटकन निवते. प्रोब बिअरच्या भांड्याला असेल तर २० लिटरचा तो जड साठा सावकाश हलतो आणि अर्धा अंश छान चालतो. त्यापेक्षा कमी फरकाच्या मागे लागू नये. यीस्टला त्याचं काही नाही, आणि कॉम्प्रेसरला फार आहे.

४. थंड प्रदेशातही हीटर लागतो

जानेवारीत इथे उणे पंधरा अंश ही नवलाई नाही. तेव्हा गॅरेजमध्ये फ्रीजचं काम उलटं होतं. तो थंडी बाहेर ठेवणारा पेटारा बनतो, आणि बिअर उबदार ठेवायला २५-३० वॅटचा पट्टा भांड्याभोवती गुंडाळावा लागतो. मोठा हीटर घेऊ नये. पट्टा प्रोबपासून लांब, भांड्याच्या पलीकडच्या अंगाला असावा, नाहीतर प्रोब पट्ट्याचीच ऊब मोजून तो लगेच बंद करतो.

उन्हाळ्यातही हीटर जोडलेला राहू द्यावा, पण गरम-थंडमध्ये कमीत कमी एका अंशाची मोकळी जागा ठेवून. याचं कारण असं. बिअर १० वर आली की कॉम्प्रेसर थांबतो, पण तोवर फ्रीजची हवा आणि भिंती शून्याच्या आसपास पोचलेल्या असतात. पुढचा बराच वेळ त्या बिअरची ऊब ओढत राहतात आणि बिअर साडेनऊपर्यंत उतरते. तेवढ्यात हीटर लागला, तर तो बिअर तापवणार, मग फ्रीज ती निववणार, आणि रात्रभर दोघं एकमेकांशी भांडत विजेचं बिल वाढवणार. फ्रीजमध्ये कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा चालू ठेवला की हवा फिरती राहते आणि ही घसरण बरीच कमी होते.

५. यीस्ट थंड वॉर्टमध्येच घालावं, आणि सढळ हातानं

यीस्ट २० अंशांवर घालून मग भांडं फ्रीजमध्ये ठेवायचं, असा सल्ला खूप जण देतात. मला तो पटत नाही. २० लिटर वॉर्ट १० वर यायला फ्रीजमध्ये रात्र जाते, आणि त्या रात्रीत यीस्ट उबेत वाढू लागलेलं असतं. उन्हाळ्यात नळाचं पाणी वॉर्टला फार तर विशीपर्यंत आणतं. तिथून पुढे फ्रीजचं काम. झाकण घट्ट लावून, सगळं निर्जंतुक ठेवून, भांडं रात्रभर आत ठेवायचं आणि सकाळी ८-९ अंशांवर यीस्ट घालायचं. तिथून वॉर्ट आंबण्याच्या उष्णतेनं १० वर चढतं, तेवढं चढू द्यायचं.

थंडीत यीस्ट सावकाश वाढतं, म्हणून लागरला उबेत आंबणाऱ्या एल बिअरच्या दुप्पट यीस्ट लागतं. २० लिटरला सुक्या यीस्टची ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं. इथे काटकसर नको. चार पैसे वाचवायला गेलं की सगळ्यात महागडी गोष्ट, म्हणजे आपला वेळ, पणाला लागतो.

हे यीस्ट मुळातच थंडीत निवडलं गेलेलं आहे. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा यानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायला बंदी घातली. उन्हाळ्याची बिअर नासते, हे त्याचं कारण. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या फक्त हिवाळ्यात बिअर होत राहिली आणि थंडीत काम करणारं यीस्टच टिकून राहिलं. ते दोन जातींच्या संकरातून आलेलं आहे. त्यातली एक बिअर-पावाचं नेहमीचं यीस्ट. थंडी सोसणारी दुसरी जात संशोधकांना पॅटागोनियाच्या बीच झाडांवर सापडली आणि २०११ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सन यांनी लागर यीस्टचं एकजिनसी वाण वेगळं केलं, तेव्हा तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

६. डायसेटिलची परीक्षा नाकानं घ्यावी, कॅलेंडरनं नव्हे

सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नचा वास लागरला आला, तर तो डायसेटिलचा. यीस्ट वाढताना एक पदार्थ बिअरमध्ये सोडतं. त्याला स्वतःला वास नसतो, पण पुढे त्याचं हळूहळू डायसेटिल बनतं. मग यीस्टच ते डायसेटिल परत आत घेतं आणि त्याचा वास घालवतं. थंडीत ही दोन्ही कामं रेंगाळतात. म्हणून आंबणं साधारण तीन चतुर्थांश झालं की, म्हणजे १.०४८ वरून सुरू झालेली बिअर १.०२० च्या आसपास आली की, कंट्रोलर १६ ते १८ अंशांवर न्यायचा. एस्टर बनण्याचा काळ तोवर संपलेला असतो, तेव्हा आता ऊब द्यायला भीती नाही. उलट यीस्ट जागं आणि भुकेलं असतानाच ती द्यावी.

किती दिवस? पुस्तकं दोन-तीन दिवस म्हणतात. मी दिवस मोजत नाही. काचेच्या दोन छोट्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घेतो आणि झाकणं लावतो. एक बरणी तशीच ठेवतो, दुसरी ६५-७० अंशांच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून आधी न तापवलेलीचं झाकण उघडतो, वास घेतो, मग तापवलेलीचं. दोन्हींत फक्त माल्टचा आणि यीस्टचा वास असेल तर काम झालं. तापवलेलीतच लोण्याचा वास उठला, तर तो बिनवासाचा पदार्थ बिअरमध्ये अजून शिल्लक आहे. अशी बिअर आज चाखायला निर्दोष लागते आणि बाटलीत महिन्याभरानं पॉपकॉर्नचा वास मारते. तिला थंड करायचं नाही, आणखी दोन दिवस द्यायचे आणि परत बघायचं. घरच्या लागरच्या सगळ्या परीक्षांत मला ही सगळ्यात मोलाची वाटते. तिला खर्च शून्य.

७. थंड करताना भांडं हवा ओढतं

बिअर १७ वरून १ अंशावर नेताना भांड्यातल्या मोकळ्या जागेतला वायू आकसतो. शिवाय थंड बिअर जास्त कार्बन डायऑक्साइड पिते. दोन्हींमुळे भांडं आत ओढू लागतं. एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतलं) पाणी बिअरमध्ये जातं आणि मागोमाग हवा. या टप्प्यावर ऑक्सिजन लागला की बिअर काही आठवड्यांत पुठ्ठ्यासारखी लागते. उपाय सोपा आहे. आंबणं जोरात असताना एक मोठा चंदेरी फुगा नळीनं जोडून कार्बन डायऑक्साइडनं भरून घ्यावा, आणि थंड करताना तोच भांड्याला जोडावा. मग भांडं हवेऐवजी आपलाच वायू परत ओढतं. ज्यांच्याकडे स्टीलचा केग आहे, त्यांनी बिअर आधी केगमध्ये बंद करून थोडा दाब द्यावा आणि मग थंड करावी.

पुढचे चार ते सहा आठवडे ० ते १ अंशावर. साधारण ५ टक्क्यांची बिअर उणे २ अंशांच्या आसपास गोठू लागते, तेव्हा शून्याखाली जाण्याचा मोह नको. मिलर ब्रुअरीत एकोणिसाव्या शतकात टेकडीत खोदलेल्या गुहा अजून दाखवतात. यंत्रं येण्याआधी आसपासच्या तळ्यांवरचा बर्फ हिवाळ्यात करवतीनं कापून अशा गुहांत भरत आणि त्याच्या गारव्यात बिअरची पिंपं मुरत. हिंदुस्थानात इंग्रजांनी बिअरसाठी कसौली, सोलन, मरी असे डोंगर गाठले ते याच गारव्यासाठी. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेंचं शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत बसलं, आणि लागर डोंगर, गुहा आणि बर्फ यांच्या तावडीतून सुटली. फ्रीज पहिल्यापासून लागरचाच सोबती आहे. त्यात दूध-भाजी नंतर आली.

८. उभा की आडवा?

पाठ दुखत असेल तर उभा. भरलेलं भांडं २२-२५ किलोंचं असतं, आणि आडव्या फ्रीजरच्या काठावरून ते आत उतरवायचं म्हणजे कमरेची कसोटी. आडवा वीज कमी खातो आणि मुरवायला उत्तम, पण त्यात दमट होतं. तळाशी पाणी साचतं, महिन्याभरात काळी बुरशी धरते. कॅल्शियम क्लोराइडचा डबा आत ठेवावा आणि आठवड्याला कोरडं पुसावं.

९. झाकण उघडल्यावर लगेच आत वाकू नये

हे कळकळीनं सांगतो. २० लिटर बिअर आंबताना पाऊणएक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे साडेतीनशे-चारशे लिटर वायू. तो हवेपेक्षा जड असतो आणि आडव्या फ्रीजरमध्ये काठापर्यंत भरून राहतो. आत डोकं घातलं की नाकात झणझणतं आणि श्वास अडकतो. झाकण उघडावं, पुठ्ठ्यानं वारा घालावा, दोन मिनिटं थांबावं, मग हात घालावा. गॅरेजचं दारही त्या वेळी उघडं असू द्यावं. घरात लहान मुलं असतील तर फ्रीजरला कुलूप हवंच.

१०. प्रोब तपासून घ्यावा

कुटलेला बर्फ ग्लासभर, त्यात बुडेल इतकंच गार पाणी, ढवळायचं आणि प्रोब मधोमध धरायचा. आकडा शून्यावर स्थिरावला पाहिजे. जेवढा चुकेल तेवढा कंट्रोलरमध्ये दुरुस्त करायचा. नव्या प्रोबचीही ही तपासणी करावी.

११. "फ्रीजशिवाय होत नाही का?"

होते. व्हाइनश्टेफानहून आलेली डब्ल्यू-३४/७० ही यीस्टची जात बरेच जण १५ ते १८ अंशांवर वापरतात आणि त्यांची लागर चांगली होते. मी प्यायलो आहे, आणि ती खोटी लागर आहे असं मी म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत एकोणिसाव्या शतकात बर्फ मिळेना म्हणून लागरचं यीस्ट उबेतच आंबवत, आणि त्यातून 'स्टीम बिअर' ही वेगळी जातच उभी राहिली. गडद, भाजक्या माल्टच्या बिअरमध्ये थोडं इकडे-तिकडे झालेलं कळतही नाही. म्युनिकच्या हेलेससारख्या फिक्या, नाजूक बिअरमध्ये मात्र लपायला जागा नसते. तिथे १० अंशांवरची आणि १७ अंशांवरची बिअर शेजारी शेजारी ठेवली, तर मला १० ची जास्त स्वच्छ लागते.

ज्याच्या भाड्याच्या घरात दुसऱ्या फ्रीजला जागा नाही, त्यानं अडून राहू नये. डब्ल्यू-३४/७० आणावी, दोन पाकिटं घालावीत, भांडं तळघरात किंवा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात पाण्यानं भरलेल्या घंगाळात ठेवावं, आणि सकाळ-संध्याकाळ त्या पाण्यात गोठवलेल्या बाटल्या सोडाव्यात. प्रोब तेव्हाही भांड्यालाच चिकटवावा, फोमखाली.